सोमवारचा गुडघा

नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या ज्या क्लिनिकमध्ये मी फिजिओथेरपिस्ट होते, तिथे व्यावसायिक फुटबॉल टीमचा एक खेळाडू दर सोमवारी यायचा. हे फुटबॉल त्यांचं, हातात बॉल घेऊन पळायचं. हा रनिंग बॅक. म्हणजे बॉल पोटाशी धरून समोरच्या आडदांड माणसांच्या भिंतीत घुसायचं, पाडलं की उठून पुन्हा घुसायचं. नागपूरहून आलेल्या माझ्या आईने टीव्हीवर हे पाहिलं आणि विचारलं, "याला एकट्यालाच का गं जुंपलंय?"

आईचं बरोबर होतं. दुसरा रनिंग बॅक होता की टीमकडे, पण तो बसून असायचा. रविवारी बॉल पुन्हापुन्हा ह्याच्याच हातात, आणि सोमवारी ह्याचा टम्म सुजलेला गुडघा माझ्या हातात.

पोरगा मोठा लाघवी. व्यायाम संपला की मी सवयीने "चालेल" म्हणायचे, तो शब्द त्याने उचलला. मी त्याला दोन्ही अर्थ सांगितले: ठीक आहे, हा एक, आणि पायाने चालेल, हा दुसरा. तो खूश झाला. तेव्हापासून बर्फ बांधून झाला की स्वतःच विचारायचा, "चालेल?"

सीझन संपत आला आणि सूज उतरेना. कोचचा फोन आला, रविवारी सगळा भार हा घेईल, की दोघांत वाटू? वाटा, हे माझं उत्तर तयार होतं. पण हा समोर टेबलावर पडून ऐकत होता. मान हलवून मला नको नको म्हणत होता. भार वाटला की जागाही वाटली जाते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. "चालेल?" तो हळूच म्हणाला.

"ही विल बी फाइन," मी फोनवर म्हटलं.

मला त्याची दया आली, असं मी लोकांना सांगते. खोटं आहे ते. क्लिनिकमधली मी एकटी भारतीय, कोचला न आवडणारं बोलायला मी टरकले.

रविवारी नवरा टीव्हीसमोरून ओरडला, "अगं, तुझा पेशंट पडला यार!" पडायचा तर तो नेहमीच. ह्या वेळी उठला नाही.

ऑपरेशननंतर तो कुबड्यांवर आला. तोवर सगळे बॉल दुसऱ्याच्या हातात गेले होते, आणि सोमवारी त्याचाही गुडघा माझ्याकडे येऊ लागला होता. मी माफीचं वाक्य इंग्रजीत जुळवून ठेवलं होतं. ते न म्हणताच मी पट्टी सोडली, गुडघा वाकवून पाहिला. तो माझ्या चेहऱ्याकडेच बघत होता.

"चालेल?"

"चालेल," मी म्हटलं.

चालणार होताच तो. पळणार नव्हता, हे मी ह्याही वेळी गिळलं.