विहीणबाईंची उंच सीट

रेवा, अर्णव,

तुमच्या आईची आई तुम्ही फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलीत. तीही पूर्ण नाहीच. फोन धरायची तिची तऱ्हा अशी, की तुम्हाला तिचं गोंदलेलं कपाळ आणि मागचे छपराचे पत्रे एवढंच दिसायचं. गेल्या महिन्यात अर्णवने विचारलं, "ती आजी काय करायची?" मी म्हटलं, मेंढरं राखायची. तू हसलास. तुला ती गोष्टीतली वाटली असणार. मी आयुष्यभर साताऱ्यात शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे एकापुढे एक नीट मांडायची सवय आहे. पण हल्ली दुपारी डोळा लागला की स्वप्नातलं कुठलं आणि खरं कुठलं याची सरमिसळ होते. अजून क्रम लागतो आहे तोवर तिच्याबद्दल लिहून ठेवते.

तिचं नाव सगुणाबाई. मी तिला विहीणबाई म्हणायची आणि ती मला इहीणबाई. तुमच्या आईबाबांचं लग्न ठरवायला ती कवठे महांकाळकडच्या तिच्या गावाहून आमच्या घरी आली, तो दिवस मला लख्ख आठवतो. मी दिवाणखान्यात सगळं मांडून ठेवलं होतं आणि पाहुणी मात्र व्हरांड्यात उभी. एका पायावर. दुसऱ्या पायाचा तळवा गुडघ्याला टेकवलेला, हातातल्या छत्रीवर सगळा भार, आणि नजर थेट अजिंक्यताऱ्यावर. रानात काठीवर रेलून मेंढपाळ तासन्‌तास असे उभे राहतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"आत या ना, बसा," मी म्हटलं.

"बसू की. त्या डोंगरावर चारा कसा हाय, इहीणबाई?"

लग्न अजून ठरायचं होतं, पण तिने मला विहीण करून टाकलं होतं. आणि जन्म साताऱ्यात काढून किल्ल्यावर चारा कसा आहे हे मला सांगता आलं नाही. आत आल्यावर तिने माझ्या सोफ्याकडे पाहिलं, हाताने दाबून बघितला आणि म्हणाली, "ह्यात बसलं तर मला काढाया दोर लागंल." मग स्वयंपाकघरातलं उंच स्टूल आणून ती त्यावर बसली. लग्नात मानपानाच्या वेळी आमच्याकडच्या बायका साड्यांचे काठ बघत असताना तिने माझ्या खांद्यावर घोंगडी घातली. माझ्या बहिणीने नाक मुरडलं. विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "साडी फाटंल. ही तुमाला पुरून उरंल."

तिचं बोलणं असं थोडकं असायचं. बोलतानाही ती आपल्याकडे बघत नसे, आपल्या कानामागून लांब कुठेतरी बघे. पहिल्या वर्षी मला ते उद्धटपणाचं वाटायचं. नंतर मलाच वळून बघायची सवय लागली, की हिला तिथे काय दिसतंय.

काही वर्षांनी गोठ्यातल्या ओल्या फरशीवर ती घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. तुमचे आईबाबा तोवर तिकडे परदेशात गेले होते. ऑपरेशन साताऱ्यात झालं आणि ती माझ्या घरी राहायला आली. डॉक्टरांनी बजावलं होतं, "तीन महिने खाली बसायचं नाही. बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा वर जाता कामा नयेत. नाहीतर सांधा निखळेल." घरातलं सगळं मी त्या हिशेबाने उंच करून घेतलं. ती वॉकर धरून खिडकीशी उभी राहायची. एका पायावर उभं राहणं आता जमत नव्हतं. मला वाटतं, पाय दुखण्यापेक्षा ते तिला जास्त दुखत होतं.

दिवाळी झाली आणि गावाहून तिच्या भावाचा, बिरामामांचा, फोन आला. दरवर्षी दिवाळीनंतर त्यांचा कळप चाऱ्यासाठी पश्चिमेकडे निघायचा. या वर्षी निघणार नव्हता. मामांचे पाय थकले होते, मुलं नोकरीला लागली होती, आणि एका व्यापाऱ्याशी बोलणं होऊन गेलं होतं. पुढच्या आठवड्यात तो कळप न्यायला येणार होता.

त्या दिवशी ती जेवली नाही. संध्याकाळी म्हणाली, "आमच्या घरात थोरल्या भैनीनं भंडारा टाकल्याबिगर कळप जागचा हालत न्हाई. माझ्या आत्यानं टाकला, मग मी टाकत आले. आता जायाचाच असंल तर जाऊ दी. पर माझ्या हातचा भंडारा अंगावर घिऊन जाऊ दी."

"ॲम्ब्युलन्स करू," मी म्हटलं.

"ॲम्ब्युलन्समधनं गेले तर गाव येशीवरच रडाया लागंल! जित्तेपनी कशाला तरास लोकास्नी?"

मामांनी शेजाऱ्याची जीप पाठवतो म्हटलं, पण तिच्यात पाय टाकायलाच जिना हवा. उरली माझी लहान पांढरी गाडी. ती मीच चालवायची. चालवणाऱ्याची सीट वरखाली करायला तिच्यात खटका होता, शेजारच्या सीटला मात्र काही नव्हतं. ती इतकी खोल, की बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला यावेत. मी दोन जाड उशा आणल्या, एकीवर एक ठेवल्या आणि आधी स्वतः बसून पाहिलं. उशा दबून सीट होती तेवढीच झाली, आणि जरा पुढे झुकले तर मी उशांसकट घसरले. विहीणबाई खिडकीतून बघत होत्या.

"इहीणबाई, घसरगुंडीला लय लांब जाताय की!"

मग मी गाड्यांच्या सीटची कामं करणाऱ्या बाबूभाईंना घरी बोलावलं. त्यांनी आत डोकं घालून सीट पाहिली, मग मागचं दार उघडून तिथेही हात फिरवला आणि अगदी सरळ म्हणाले, "मॅडम, मागची सीट उंचच आहे. पेशंटला मागे बसवा, पुढची सीट सरकवून पाय लांब करता येतील. कामच नाही काही."

 एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती, कारण विहीण पुढे बसते. विहिणीला मागे बसवून कुठे नेतात का? एवढ्यात व्हरांड्यातून आवाज आला.

"मी मागं बसू आनि इहीणबाई म्होरं गाडी चालवनार? इहिणीला डायवर करून गावात शिरू? माझं म्हातारं वरनं शिव्या घालंल!"

म्हणजे मी तिच्या मानासाठी अडले होते आणि ती माझ्या. बाबूभाईंनी आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "तुम्ही दोघी एकमेकींचा मान राखा," ते म्हणाले, "मी बोल्ट खोलतो."

त्यांनी सीट सोडवली. तिच्या रुळांखाली चारही कोपऱ्यांना लोखंडी ठोकळे बसवले, लांब बोल्ट घालून आवळले. मी पट्टा लागतो का पाहिलं, सीट हलते का पाहिलं, आणि तिच्यावर बसून बाबूभाईंना कॉलनीला चक्कर मारायला लावली. पुढे झुकल्यासारखं वाटत होतं. मग पुढचे ठोकळे थोडे वाढवले. पाय लोंबकळू लागले तेव्हा खाली पाट ठेवला. सीट जमिनीपासून किती उंच झाली ते मोजून मी डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "अशा उंचीवर चालेल. वाटेत थांबत जा, उभं करत जा." शेवटी सीटवर मी साडीच्या दुकानातली गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी अंथरली. तिने पाठमोरं बसायचं आणि पाय न वळवता सबंध अंगाने आत फिरायचं, असं फिजिओथेरपीच्या मुलीने शिकवलं होतं.

पिशवीवरचं दुकानाचं नाव बघून विहीणबाई म्हणाल्या, "बघा, इहिणीनं मान केला. साडी ठिवून घेतली आनि पिशवी दिली." मग ती बसली, फिरली, पाय आत घेतले. पदर छताला टेकला. तिने दोन्ही हातांनी सीटची कड धरली आणि समोर डोळे लावले.

"दुखतंय का?"

"न्हाई. आजवर गाडीत बसले की नुसतं आभाळ दिसायचं. आज भुई दिसाय लागली."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. थंडीचं धुकं होतं. रहिमतपूर मागे पडेपर्यंत रस्ता आमच्या पुढ्यात थोडा थोडा तयार होतोय असं वाटत होतं. मग ऊन आलं आणि दोन्ही बाजूंना नुकता उगवलेला शाळू दिसू लागला, पोपटी, ओला. ती बोलायला लागली. मी त्या रस्त्याने कितीदा तरी गेले होते, पण तिचा रस्ता वेगळा होता. तो पायांनी चाललेला होता. "ह्या वड्याचं पानी गोड. त्या माळावर बाभळीखाली माझी मंगल पयल्यांदा पायांवर उभी ऱ्हायली." मंगल म्हणजे तुमची आई. "ह्या वळणावर येक पाटील कुत्री सोडायचा. त्याची बायको मागल्या दारानं भाकरी द्याची." औंधचा डोंगर आला तेव्हा तिने यमाईला बसल्या जागेवरून हात जोडले आणि मला गाडी सावकाश घ्यायला लावली.

विटा गाव मागे पडलं. द्राक्षबागा सुरू झाल्या. जिथे ती मेंढरं चारायची तिथे आता तारा होत्या, वेली होत्या, कालव्याचं पाणी चमकत होतं. मला वाटलं तिला वाईट वाटत असेल. मी विचारलं. ती म्हणाली, "पानी आलं त्ये ब्येस झालं. आमीच मागत हुतो." आणि मग, जराशाने, "पर मेंढरानं कुठनं जायाचं, त्ये कुनी इचारलं न्हाई."

लांबच्या पठारावर पवनचक्क्या फिरत होत्या. पांढऱ्या, संथ, आवाज न करता. त्यांच्याकडे बघत बघत तिला डोळा लागला, आणि मी माझ्याच गाडीत, माझ्या शेजारी, एका उंच बसलेल्या झोपलेल्या बाईला घेऊन कुठल्यातरी दुसऱ्याच देशात चालले आहे असं मला वाटत राहिलं.

गावाबाहेरच्या पडीक रानात बिरामामा उभे होते. त्यांच्या मागे कळप होता. ती रानात चालू शकणार नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी तोंडाने एक लांब, घोगरी हाक दिली आणि कळपच रस्त्याकडे आला. मी गाडी बंद केली. काळी, तपकिरी, पांढरी मेंढरं दोन्ही बाजूंनी वाहत आली आणि गाडी मधोमध राहिली, पुरात बेट राहावं तशी. काचेवर त्यांच्या श्वासाची वाफ धरली. लोकरीचा, धुळीचा, दुधाचा वास आत भरला.

"आक्का," मामा म्हणाले. त्यांनी पटक्याच्या टोकाने डोळे पुसले.

"रडतुस काय? भंडारा दे."

त्यांनी पिवळ्या भंडाऱ्याची पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. तिने काच पार खाली केली, हात बाहेर काढला आणि मूठ मूठ उधळायला सुरुवात केली. सगळीकडे पिवळा धुरळा झाला. उन्हात तो खाली बसायलाच तयार नव्हता. ती एकेका मेंढीकडे बघत होती. कानामागून लांब नव्हे, अगदी जवळ, सरळ. एवढ्या उंचीवरून तिला कळपाच्या पाठी पार पलीकडच्या टोकापर्यंत दिसत होत्या. अचानक तिचा हात थांबला.

"बिरा, ती मधली लंगडतीया. दडवून ठिवलीस व्हय?"

"काटा हुता, आक्का. मग पायच वाकडा झाला. यापारी घेतो म्हनालाय."

"कशाला घेतो ते मला ठावं हाय. ती ऱ्हाऊ दी."

"आक्का, लंगडी मेंढी कोन संबाळायचं? तिला दुसऱ्यांच्या संगं चालाया येत न्हाई."

"मग तुझ्या आक्कालाबी यापाऱ्याला दे की. मीबी लंगडीच हाय."

मामा खाली बघू लागले. मला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. ती पुढे म्हणाली, आवाज उतरवून, "ऱ्हाऊ दी रं. दोघी मिळून चालू. आमास्नी कुटं घाई हाय?"

मामांनी कळपात शिरून ती मेंढी उचलली आणि गाडीच्या दाराशी आणून उभी केली. विहीणबाईंनी उरलेला भंडारा तिच्या कपाळाला लावला. बाकीचा कळप दुसऱ्या दिवशी टेम्पोत चढला. मी तिथेच मुक्कामाला होते. विहीणबाई दारात वॉकर धरून उभ्या होत्या आणि टेम्पो दिसेनासा होईपर्यंत हलल्या नाहीत.

ती परत साताऱ्याला आली नाही. मामांच्या घरीच राहिली. पुढे वॉकर गेला, काठी आली. मी दर दोन महिन्यांनी जायची. मी पोचायची तेव्हा ती आणि ती मेंढी बांधावरून सावकाश येताना दिसायच्या, दोघींची चाल सारखी. मी खाली उतरले की ती म्हणायची, "आला व्हय? आमी दोघी तुमच्याच वाटंकडं बघत हुतो." मेंढीलाही तिने मला इहीणबाईच म्हणायला शिकवलं होतं असं मामा म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. झोपेत गेली, भावाच्या घरात, आणि मी पोचेपर्यंत सगळं होऊनही गेलं होतं. बाबूभाई मध्यंतरी गाडीच्या दुसऱ्या कामाला आले तेव्हा त्यांनी विचारलं, सीट पुन्हा खाली करून देऊ का. मी नको म्हटलं.

मेंढी मात्र जगली. मामांनी तिला विकलं नाही. तिला पिल्लं झाली, त्या पिल्लांना पिल्लं झाली. आज मामांच्या परड्यात सात मेंढरं आहेत.