कोरी सोडलेली ओळ

दारव्ह्याच्या स्टँडवर यवतमाळची गाडी थांबली आणि आमच्या सरकारी दवाखान्याचे कंपाउंडर उतरले. मला पाहून म्हणाले, "मास्तर, डॉक्टरसाहेब गेले." मी शाळेकडे निघालो होतो, तसाच शाळेत गेलो... वर्गही घेतला. काय शिकवलं ते आठवत नाही.

विदर्भ मुंबई राज्यात गेला त्या सुमारास डॉक्टर इथे बदलून आले. त्याच संक्रांतीला माझी सहा वर्षांची सुशीला तिळाचा लाडू खाऊन सुजली. ओठ निळे पडले, श्वास अडकला. घरातल्या बायका नजर उतरवत होत्या. डॉक्टरांनी धावत येऊन इंजेक्शन दिलं म्हणून पोर हाती लागली. "मास्तर, तीळ तिच्यासाठी जहर आहे, एक दाणाही देऊ नका," त्यांनी बजावलं. "काहून, ते मले सांगता येत नाही. कोणी शोधलंच नाही."

पुढच्या संक्रांतीला आम्ही हेडमास्तरांकडे गेलो. त्यांच्या म्हाताऱ्या आईने सुशीलाच्या हातावर तीळगूळ ठेवला. पोर माझ्याकडे बघू लागली. त्या माउलीचा हात परतवायचा कसा... मी म्हणालो, "एक दाणा खा बेटा, काही नाही होत." त्या दिवशी डॉक्टर दुपारभर तिच्या उशाशी बसून होते. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग त्यांनी ध्यासच घेतला. कुणी शेंगदाण्याने सुजलेला, कुणी अंड्याने. पार मारेगावकडच्या रोग्यांचीही माहिती त्यांनी जमवली. यावर संशोधन व्हावं आणि सरकारने त्याला पैसा द्यावा, एवढंच मागणं. माझं अक्षर बरं, म्हणून अर्ज मी लिहायचो. पहिल्याच अर्जाला म्हणाले, "लिहा, माहीत असून बापानंच तीळ दिला." माझा हात थांबला. ते पाहून हळूच म्हणाले, "राहू द्या. एक ओळ कोरी सोडा. ती तुमची आहे. मन होईन तवा लिहा."

उत्तर आलं: ज्यास जे सोसत नाही ते त्याने खाऊ नये, त्यासाठी सरकारी खर्चाची गरज दिसत नाही. त्याला तोडीस तोड जबाब माझ्या ओळीत होता, हे मला कळत होतं. महाराष्ट्र झाला, अर्जावरचं राज्याचं नाव बदललं, ओळ कोरीच राहिली. डॉक्टरांनी कधी आठवणही दिली नाही. मला माझी लाज वाटते.

तेराव्यानंतर डॉक्टरांच्या पत्नीने, आमच्या वहिनींनी, सगळ्या अर्जांच्या नकला माझ्याकडे पाठवल्या. सुशीला यंदा मॅट्रिकला आहे. चाळता चाळता म्हणाली, "बाबा, प्रत्येक अर्जात इथं काय लिहाचं राह्यलं?" मी सांगितलं.

"मले आठवते," म्हणाली. "मंग लिहा न आता." आणि दौत माझ्यापुढे सरकवली.

परवा नवा अर्ज टपालात टाकला. खाली डॉक्टरांच्या जागी माझी सही आहे. आणि त्या ओळीत लिहिलं आहे: तीळ मुलीच्या बापाने दिला, त्याला सांगितलेलं होतं, आणि तो बाप मी.