बर्फातले आम्ही अकरा

मी शहापूरचा डिझेल मेकॅनिक. अंटार्क्टिकातल्या एका स्टेशनवर जनरेटर सांभाळत सव्वा वर्ष काढून आलो. तेव्हापासून टपरीवर कोणी नुसतं "काय थंडी हाय बे!" म्हटलं तरी माझा एक किस्सा निघते. परवा अंतराळात जाणाऱ्यांले शिकवणारे एक साहेब फोनवर विचारून राहिले होते, "तुमच्या टीमकडून आमच्या लोकांनी काय शिकावं?" म्हटलं, "साहेब, काय करू नये ते शिका!"

*

आमचे लीडर पुण्याचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "जुन्या मोहिमांतली माणसं बर्फाला पुरून उरली, पण शेजाऱ्याच्या जेवणाच्या आवाजाने वेडी झाली." आम्ही खो खो हसलो. तिसऱ्या महिन्यात वेल्डर वायरलेसवाल्यासंग जेवायले बसेना. काहून? तर तो पापड खाते! सरांनी पापडच बंद केले. मग दोघांनी मिळून सरांशी बोलणं बंद केलं!

*

तिथं दोन महिने सूर्य उगवतच नाही. डॉक्टर दर सोमवारी कागद द्यायचे : मन कसं आहे, दहापैकी मार्क लिहा. सगळे आठ लिहायचे. डॉक्टर चिडले, "सगळेच आठ कसे?" कुक म्हणाला, "सात लिहिलं की तुम्ही तासभर बोलत बसवता!" एकदा डॉक्टरांचा स्वतःचा कागद टेबलावर राहून गेला. त्यावर तीन होते.

*

मी घरून लाखोरीची डाळ नेली होती. मोठ्या हौसेनं सगळ्यांसाठी रांधली. वेल्डर म्हणाला, "हे आमच्याकडे गुरं खातात." कोणी हात लावला नाही. जनरेटरच्या खोलीत जाऊन ढसाढसा रडलो. डाळीसाठी! घरी बाबा लकव्यानं पडले होते, त्यांच्यासाठी रडलो नव्हतो.

*

बाबांचंच सांगतो. निघायच्या आधी एक फॉर्म भरून घेतला होता : घरी कोणाचं बरंवाईट झालं तर तिकडं कळवायचं का? थंडीत ना जहाज, ना विमान. परत येणं नाहीच. बाबा खाटेवरून अडखळत बोलले, "नाही लिव्ह पोरा. कळून का करशीन?" मी 'नाही' लिहिलं.

दर रविवारी फोनवर बाबांचं "हं" ऐकू यायचं. मग ते येईना. माय म्हणे, "झोपले हायेत." पुढच्या रविवारी, "झोपले हायेत." त्याच्या पुढच्याही.

शेवटी लीडरकडे गेलो. म्हटलं, "सर, माझा फॉर्म काढा. मले 'हो' लिहायचं आहे."

सर म्हणजे कोणत्याही कागदावर उभ्याउभ्या सही करणारा माणूस. त्यांनी खुर्ची पुढे केली.

"बस," म्हणाले. "आता नको बदलूस."