काळ्या पाठीवरचा कोंडा

मला स्वस्थ बसता येत नाही. हे कौतुकानं सांगत नाहीये. या स्वभावापायी मी एका मुक्या जिवाचे हाल केले, म्हणून सांगते.

आम्ही तेव्हा सुरतेत भेस्तानला एका सोसायटीत राहायचो. माहेर-सासर दोन्ही धुळ्याचं. मी मराठी शाळेत शिकवायचे, नवरा हजिऱ्याला एका कारखान्यात पाळ्या करायचा. प्लेगच्या वर्षी गणपती बुडाले आणि दोन-तीन दिवसांत निम्मी सोसायटी रिकामी झाली. नवऱ्याला रजा मिळाली नाही म्हणून आम्ही राहिलो, त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं. तळमजल्यावरचे सोसायटीचे प्रमुख बायकामुलांना घेऊन सौराष्ट्रात गावी पळाले आणि त्यांची काळी कुत्री जिन्याच्या कठड्याला बांधलेलीच राहिली. एक दिवसभर ती ओरडत होती. दुसऱ्या दिवशी आवाज बंद झाला, तेव्हा मी खाली गेले, दोरी सोडली आणि तिला वर घरी घेऊन आले.

महिन्याभरानं प्रमुख परतले. कुत्री त्या दिवसांत इथे फिरलेली आहे, घरात लहान नातू आहे, तेव्हा आता तुम्हीच ठेवा, असं म्हणाले. मला त्यांचा संताप आला आणि कुत्री आपली झाली म्हणून आनंदही झाला.

आनंद टिकला नाही, कारण डोक्यात पिसवा शिरल्या. उंदरांच्या पिसवांमुळे प्लेग होतो हे तेव्हा शाळेतली पोरंसुद्धा सांगायची. सगळं शहरच धुणं-पुसणं करत सुटलं होतं. रस्ते धुतले जात होते, गटारांवर पावडर मारली जात होती, मी वर्गात नखं तपासत होते आणि घरी कोथिंबीरसुद्धा तीन पाण्यांतून काढत होते. मग कुत्री कशी सुटेल? रोज सकाळी शाळेत जायच्या आधी लाल कार्बोलिक साबण, वर बादलीत टोपणभर जंतुनाशक. ती कान पाडून, डोळे मिटून उभी राहायची. किती गुणाची आहे, असं मी नवऱ्याला सांगायचे.

दिवाळी झाली, हवा कोरडी पडली आणि तिच्या पाठीवर कोंडा दिसायला लागला. काळ्या केसांवर पांढरा भुगा, रव्याची चाळणी हलवावी तसा. जिथे बसेल तिथे तो पडायचा. रात्रंदिवस खाजवून शेपटीजवळचे केस गेले. मला वाटलं, मळ राहतोय. मी साबण वाढवला. मग कडुलिंबाचं पाणी झालं. माझ्या स्वतःच्या कोंड्याला आई दही-लिंबू लावायची, ते झालं. खोबरेल लावलं, पण तेलाला धूळ चिकटते म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा साबणानं ते काढून टाकलं. नवरा एकदा म्हणाला, "अगं, तिला जरा राहू दे ना." मी त्याच्यावर खेकसले. राहू देऊन कोणी बरं झालंय का, असं काहीतरी बोलले असेन.

डिसेंबरच्या मध्यावर प्रमुख वर आले. आत न येता उंबऱ्याबाहेरूनच त्यांनी कुत्रीकडे पाहिलं. लोक तक्रार करतात, म्हणाले, हा रोग कसला कोण जाणे.

"बेन, उत्तराणला गच्चीवर मेहमान येणार. त्याच्याआधी बरी झाली तर ठीक, नाही तर पलसाण्याकडे हायवेला सोडून या."

उत्तराण म्हणजे आपली संक्रांत, जेमतेम महिन्यावर आलेली. आणि ज्या हायवेवर गिरण्यांचे ट्रक दिवसरात्र धावतात, तो हायवे. सोडून येणं म्हणजे काय, ते त्यांनाही कळत होतं. आधीच एकदा टाकून गेलेल्या माणसानं मला ते सांगावं, याची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून मी तिला सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी केस उलटे फिरवून पिसवा शोधल्या, मग ब्लेडनं कातडी हलकेच खरवडली आणि ती सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. खरूज नाही, पिसवा नाहीत, बुरशीही नाही. आंघोळ कधी घालता, त्यांनी विचारलं. रोज, मी सांगितलं, आणि आवाजात थोडी ऐटच होती. साबण कोणता, तेही सांगितलं. ते कुत्रीकडे न बघता माझ्या हातांकडे बघायला लागले.

"बेन, पहेलां तमारा हाथ जुओ."

मी पाहिलं. बोटांच्या पेरांना भेगा, पंजावर सुटलेली पांढरी साल. मी त्याचा दोष दोन महिने खडूला देत होते. अंगाचं तेल रोज धुऊन काढलं तर कातडी सुकणारच, माणसाची काय आणि कुत्र्याची काय, डॉक्टर म्हणाले. उत्तराणपर्यंत पाणी लावायचं नाही, रोज मऊ ब्रश फिरवायचा, पोळी चमचाभर तेलात चुरून द्यायची. आणखी मी काय करू, मी विचारलं. काही नाही, ते म्हणाले.

हे काही न करणं मला जमेना. ब्रश फिरवायला पाच मिनिटं लागायची, पुढचा दिवस खायला उठायचा. मी लादी दोनदा पुसायचे, धुतलेले डबे परत धुवायचे, वर्गात शिकवताना मनात तिच्या पाठीवरचा भुगा मोजायचे. आणि त्याच दिवसांत मला एक गोष्ट दिसली. लादी पुसायला मी बादली उचलली की कडीच्या आवाजानं कुत्री पलंगाखाली जायची, अगदी भिंतीला चिकटून. मी हाक मारली तरी येत नसे. ज्याला मी गुण समजत होते, ती भीती होती. मी रोज सकाळी तिला भीती घालत होते आणि वर कौतुक करत होते.

हळूहळू भुगा कमी झाला. शेपटीजवळ बारीक केस उगवले. पण खात्री वाटत नव्हती. उत्तराणच्या सकाळी मी चार वाजल्यापासून जागी होते.

गच्चीवर पतंग, टेपवर गाणी, पातेल्यात ऊंधियू. मी कुत्रीला घेऊन वर गेले आणि सगळे जरा बाजूला सरकले. प्रमुख पुढे आले. ती त्यांना बघताच शेपूट हलवत धावली, त्यांच्या पायांशी उताणी पडली. जिन्याला बांधून गेलेल्या माणसासाठी. मला रडू आवरेना, आणि ते रागाचं होतं. प्रमुख खाली बसले, तिच्या पाठीवरून उलटा हात फिरवला आणि तळवा उन्हात धरला. तळव्यावर काही नव्हतं.

"दोरी छूटी करवानी याद हती, बेन," ते हळूच म्हणाले. "हुं बी गयो हतो." दोरी सोडायचं लक्षात होतं, पण ते घाबरले होते.

मी त्यांना सुनावण्यासाठी चार महिने वाक्यं जमवली होती. त्यातलं एकही बोलले नाही. भीतीपायी त्यांनी तिला बांधून ठेवलं होतं आणि मी तिला सोलून काढलं होतं. राहू द्या तिला, एवढंच ते उठताना म्हणाले.

संध्याकाळी घरभर मांज्याचे तुकडे आणि चिक्कीचा चुरा. मी लादी पुसायला बादली उचलली. कडी वाजली. कुत्रीनं मान उचलून माझ्याकडे पाहिलं. तिनं मान पुन्हा पायांवर टाकली आणि जागची हलली नाही. मी बादली खाली ठेवली आणि लादी तशीच टाकून तिच्याशेजारी बसून राहिले.