आधी तुझं बोट

नर्सिंगच्या पोरी गल्लीत आल्या की माझं डोकं फिरायचं. चित्रांचे तक्ते टांगायचे, "हिरव्या भाज्या खा" सांगायचं आणि पसार. मी शाळा सातवीत सोडली, पण या गल्लीत नळ भांडून आणला. मला कोण शिकवणार?

त्यातलीच ही. हॉस्टेलात तिला सगळ्या चहाबाई म्हणत. उठायला उशीर, नाश्ता बुडाला, मग दुपारपर्यंत चहावर चहा. त्या दिवशी तिचं प्रॅक्टिकल होतं. रक्त का कमी होतं ते समजवायचं आणि बाराच्या आत वीस बायकांचं रक्त तपासायचं. नाहीतर नापास, आणि नापास झाली की बाप घरी बसवणार. मागे परीक्षक मॅडम कागद घेऊन उभ्या.

बायका जमल्या पंचवीस, पण बोट एकीनंही पुढे केलं नाही. गल्लीतल्या इस्त्रीवालीनं विचारलं, "पोरी, सकाळी काय खाल्लंस?"

खोटं बोलणं तिला जमत नसे. "चहा."

"त्याआधी?"

"त्याआधीपण चहाच."

"आणि आम्हाला सांगतेस, जेवणावर चहा पिऊ नका, अन्नातलं लोह अंगी लागत नाही. आधी तुझं बोट टोच."

तिनं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. तिनं टोचलं आणि आकडा झाकायला यंत्रावर हात ठेवला. इस्त्रीवालीनं मनगट धरून हात बाजूला केला.

"वाच मोठ्यानं."

"आठ पूर्णांक दोन."

मागच्या तक्त्यावर ठळक लिहिलेलं : बायकांना हिमोग्लोबिन किमान बारा हवं.

"अगं बाई, ही आपल्याला वाचवायला आली होय? घे माझं. हिच्यापेक्षा कमी निघालं तर नाव बदलीन."

इस्त्रीवालीचं नऊ निघालं. लॉटरी लागल्यासारखी गल्लीभर मिरवली. मग काय, चहाबाईला हरवायला रांगच लागली. पण पाचसहा जणी कामावर पळाल्या आणि बाराला पाच कमी असताना आकडा एकोणीसवर अडला.

"माझं धरलं तर?" चहाबाईनं विचारलं.

"स्वतःचं धरायचं नाही," मॅडम म्हणाल्या.

इस्त्रीवालीनं मला दंडाला धरून पुढे लोटलं. "ताई, दुसऱ्यांना लोटता ना मोर्च्यात, आता चला."

माझं निघालं सात पूर्णांक नऊ. कोणी हसलं नाही, हे जास्त झोंबलं. चहाबाईनं आकडा लिहिला, मॅडमनी सही केली.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल नव्हतं, तरी ती आली. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या आम्ही दोघींनी इस्त्रीच्या टेबलापाशी उभं राहून गिळल्या. नऊवाली आ करायला लावून तपासत होती.