कूलर, दोन कंपन्या आणि बापाचं सेवापुस्तक

माझा राग माझ्याआधी ऑफिसात पोचतो, असं आमचे रेकॉर्डकीपर काका म्हणायचे. खोटं नव्हतं ते. बाप नोकरीत असतानाच गेला आणि त्याच्या जागेवर मला घेतलं, तेव्हा मी जेमतेम वीस वर्षांची होते. 'अनुकंपावाली' हा शब्द कोणी उच्चारला की माझं डोकं सटकायचं आणि तो राग मी टाइपरायटरवर काढायची. म्हणूनच बहुधा माझा वेग ऑफिसात सगळ्यांत जास्त होता. ऐंशीनंतर कॉम्प्युटर नावाचं प्रकरण नागपूरपर्यंत आलं, तेव्हा तीन आठवड्यांच्या कोर्सला मलाच पाठवलं.

आमच्या सरकारी खात्यात कामठीपासून मौद्यापर्यंतचे खलाशी म्हणजे हरकामे मजूर, फिटर, चौकीदार नोकरीला होते. प्रत्येकाचं एक सेवापुस्तक. जन्मतारीख, लागला कधी, बढती, रजा, सगळं त्यात. दरवर्षी नोंदी वाचून दाखवायच्या आणि खाली त्या माणसाची सही घ्यायची. बहुतेकांच्या गावी जन्माचा दाखला नाही, शाळेचा तर नाहीच नाही. तेव्हा माणसाचं वय किती, नोकरी किती, याला जगात एकच पुरावा: हे पुस्तक. ही सगळी पुस्तकं लाल कापडाच्या बस्त्यांत बांधून काकांनी तीस वर्षं सांभाळली होती. त्यांची रेकॉर्ड रूम उत्तरेकडची, जाड भिंतींची. मे महिन्यात सगळं ऑफिस डबा खायला तिथेच जमायचं.

त्या वर्षी मुख्यालयाचं पत्र आलं. यंत्र घ्या, सेवापुस्तकांतला मजकूर त्यात भरा आणि कागद निकाली काढा. आमचे साहेब पुण्याचे, माणूस सज्जन, टेबलावर पेन्सिलसुद्धा तिरकी ठेवू न देणारे. ते म्हणाले, "रेकॉर्ड रूमच यंत्राला योग्य. थंड आहे. भरती पूर्ण झाली की बस्ते रद्दीत देऊ."

काकांच्या रिटायरमेंटला दहा महिने उरले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हव साहेब," ते म्हणाले. "पण तीस वर्सं सांभाळलं ते कोणाच्या हवाली करून राहिलो, ते मले पाहू द्या."

साहेबांनी मान्य केलं. निवड समितीत तिघं: साहेब, काका आणि मी. कंपन्यांचा तुलनात्मक तक्ता मी करायचा आणि खाली सहीही माझी. बाहेर आल्यावर काका मला म्हणाले, "पाय वं पोरी, हे हजार माणसं तुह्या सहीवर हायेत आता." मला घामच फुटला.

दोन कंपन्या आल्या. पहिली मुंबईची. त्यांचा माणूस कोट घालून आला, एप्रिलमध्ये, नागपुरात! तिथेच मी त्याच्या अकलेचा अंदाज बांधला. पण बोलायला लोण्यासारखा. आमची डिस्क बिघडतच नाही म्हणाला. चुकून बिघडलीच तर इंजिनियर चोवीस तासांत तुमच्या दारात. गुळगुळीत कागदावर तसं छापलेलं होतं. साहेब खूश.

काकांनी खिशातून भिंग काढलं. फिकट शाई वाचायला ते नेहमी जवळ असायचं. छापील कागदाच्या तळाशी मुंगीएवढी अक्षरं होती, ती त्यांनी सावकाश वाचली. "शाखा असलेल्या शहराच्या हद्दीत," ते म्हणाले. "शाखा कुठी हाय साहेब तुमची?"

"सध्या मुंबईला. पण नागपूर आमच्या योजनेत आहे."

"योजनेत हाय," काकांनी माझ्याकडे पाहिलं. "लिव वं." मी लिहिलं.

दुसरा आमचाच, सीताबर्डीचा. वडिलांचं टाइपरायटर दुरुस्तीचं दुकान, पोरानं कॉम्प्युटरची एजन्सी घेतली होती. मोपेडवर आला. बुशशर्टच्या खिशात तीन स्क्रू ड्रायव्हर, आणि तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. तो त्यानं साहेबांना पाहून दारातच थुंकला. साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"बिघडन का गा तुही मशीन?" काकांनी विचारलं.

"बिघडन ना काका. माणूस बिघडते, मशीन काहून नाही बिघडणार?" तो म्हणाला. "मी येईन. पार्ट मुंबईहून आणा लागन, त्याले चार दिवस. तोवर माह्या दुकानातली मशीन देईन. पण रोज संध्याकाळी दुसरी प्रत काढा लागते, अन् ते ह्या बिल्डिंगीत ठेवायची नाही. मी घरी नेईन, तिकडं महाल वस्तीत."

असा कसा हा विक्रेता, मला वाटलं. स्वतःच्याच मालाची नालस्ती करतो. साहेबांचं मत तर ठरल्यातच जमा होतं. कोट एकीकडे, खर्रा एकीकडे!

पण काकांची एक रीत होती. ते बाजारात माठ घ्यायला जाताना घरून तांब्याभर पाणी न्यायचे. माठ वाजवून सगळेच बघतात, काका पाणी ओतून उन्हात उभे राहायचे. कुंभार वैतागायचे, पण काकांच्या घरी कधी गळका माठ आला नाही. "दुसऱ्याच्या वस्तूवर परीक्षा करू नये," ते म्हणायचे. "आपलं टाकून पाहावं. मंग डोळे उघडे राहतात."

तेच त्यांनी इथे लावलं. दोन्ही कंपन्यांनी आपापली यंत्रं मे महिन्यात पंधरा दिवस रेकॉर्ड रूममध्ये ठेवायची. दोन्हींत पन्नास पुस्तकं भरायची, तीच ती. पन्नासात पहिलं त्यांनी स्वतःचं घातलं. मग बस्ता सोडून आणखी एक काढलं आणि क्षणभर माझ्यासमोर धरलं. माझ्या बापाचं.

पाच वर्षं ते पुस्तक त्याच खोलीत होतं आणि मी एकदाही उघडलं नव्हतं. हिंमतच झाली नव्हती.

काका वाचायचे, मी टाइप करायची. बापाच्या पुस्तकाच्या वेळीही तसंच. ते कोरड्या आवाजात तारखा सांगत गेले, मी मान खाली घालून बोटं आपटत गेले. दोन यंत्रांत, दोनदा. मुंबईवाला दोन दिवस थांबून गेला. आमचा एजंट रोज साडेपाचला यायचा, फ्लॉपीवर प्रत काढायचा आणि स्टीलच्या डब्यात घालून न्यायचा. खाली भाजीचा डबा, वर फ्लॉपी. मी एकदा म्हटलं, "वांग्याच्या भाजीत माझी मेहनत बुडाली तर याद राख!" तर म्हणे, "ताई, डबा धुऊन आणतो, सासूची शपथ."

आठव्या दिवशी यंत्रांसाठी नवा बसवलेला एसी बंद पडला. बाहेर ऊन असं की डांबराला चप्पल चिकटावी. यंत्रं गरम झाली, पंखे घरघरायला लागले. आता उकाडा झाला तर नागपूरचा माणूस काय करतो? कूलर लावतो. आमच्याकडे पोराला ताप आला तरी कूलर, पाहुणा आला तरी कूलर. मी अकाउंट्समधला मोठा कूलर दोन शिपायांकडून ढकलत आणला, वाळ्याची ताटी नीट भिजवली, टाकीत घागरभर पाणी ओतलं आणि तोंड थेट दोन्ही यंत्रांकडे केलं. खोलीत काय सुगंध सुटला! मी स्वतःवरच खूश होऊन डबा खायला गेले.

परत आले तर दोन्ही पडदे काळे. टेबलावर पाण्याचे बारीक थेंब. कूलर बिचारा मन लावून शिंतोडे मारत होता.

मी रडले. सरळ सांगते, भोकाड पसरलं. काकांनी आधी कूलर बंद केला, मग मला पाणी दिलं. "चूप वं. परीक्षा हेच तं होती," ते म्हणाले. "मी मुद्दाम केली असती तं जमलं नसतं. तू मनापासून केली."

मुंबईला ट्रंककॉल लावला. दीड तासानं लागला. तिकडून पहिला प्रश्न आला, "खोलीत कूलर होता का?" मी खरं सांगितलं. मग ते अटीच्या बाहेर, असं उत्तर मिळालं. लेखी कळवा, इंजिनियर पुढच्या आठवड्यात बघू. आणि भरलेला मजकूर? त्याची जबाबदारी ग्राहकाची. मी फोनवर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ऑपरेटर बाईंनीसुद्धा मध्येच "ताई, हळू" म्हटलं.

एजंट वीस मिनिटांत आला. दारातच त्यानं नाक वर केलं. "वाळा?" म्हणाला. मग माझ्याकडे पाहून खो खो हसला. "ताई, मशीनले बी उसाचा रस पाजाचा राहिला का?" डिस्क त्याचीही गेलीच होती. पण तासाभरात तो दुकानातलं दुसरं यंत्र मोपेडवर बांधून घेऊन आला, घरून डबा मागवला, आणि सहा वाजायच्या आत पन्नासच्या पन्नास माणसं पडद्यावर परत आली. माझा बाप त्यात होता. मी त्या पोराला तिथल्या तिथे भाऊ मानलं, आजतागायत राखी पाठवते.

साहेब उठून उभे राहिले. "मान गए," म्हणाले. पुण्याचा माणूस हिंदीत बोलला म्हणजे समजा! "यांनाच घेऊ. आणि दुसरी प्रत यांच्या घरी सुरक्षित असेल, तर कागदाची गरजच संपली. पुढच्या महिन्यात रद्दीवाल्याला बोलवा."

मला हसू येता येता थांबलं. काकांच्या माठानं पाणी धरलं होतं आणि त्यानंच त्यांची खोली जात होती. त्यांनी भिंग खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पडताळणी माझ्याकडे होती. पडद्यावरची प्रत्येक नोंद पुस्तकाशी जुळवायची, आणि यावेळी पुस्तक माझ्या हातात. एकोणपन्नास झाली. शेवटी बापाचं उघडलं. पडद्यावर नाव, जन्मतारीख, खलाशी म्हणून रुजू. सगळं जुळत होतं. पण पुस्तकात त्या ओळींच्या खाली निळ्या शाईतला अंगठा होता. पान उलटलं, पुढच्या वर्षी अंगठा. त्याच्या पुढच्या वर्षी अंगठा. अंगठ्यावर एक कापल्याची तिरपी रेघ होती. ती मला माहीत होती. केस विंचरताना ती माझ्या कपाळाला लागायची.

आठवं पान उलटलं आणि तिथे अंगठा नव्हता. सही होती. वेडीवाकडी, एकेक अक्षर वेगळं, शेवटचं अक्षर चौकटीत न मावता बाहेर पडलेलं. खाली तारीख. जून महिना, मी पहिलीत गेले ते वर्ष.

मी पुस्तक घेऊन काकांसमोर उभी राहिले. सहीचं पान उघडं धरलं.

"पाहिलं का?" काका म्हणाले. "ह्याच खोलीत शिकला तो. रोज डब्याच्या सुट्टीत यायचा. वस्तीतल्या विहारात सगळे म्हणायचे शिका शिका, पण मोठ्या माणसाले पोरांत बसून गिरवायची लाज वाटे. मले म्हणे, बाबू, पोरीले शाळेत टाकून राहिलो. तिच्या फारमावर अंगठा नाही लावायचा मले. तिचं सुरूच अंगठ्यानं होईन, ते नको. दोन महिने गिरवलं त्यानं. शाळेत जायच्या आदल्या दिवशी म्या त्याले म्हटलं, आधी इथं करून पाय, हात बसू दे. ते हे."

"काका, पाच वर्षं झाली, सांगितलं काहून नाही?" मी ओरडलेच.

"तू उघडशीन तवा दिसन म्हणून ठेवलं होतं ना वं," ते म्हणाले. "सांगायचं राहिलं असतं तं एक येळ. कागद राहिला असता."

मी तशीच साहेबांच्या केबिनमध्ये शिरले, विचारल्याशिवाय. पुस्तक त्यांच्या सरळ ठेवलेल्या पेन्सिलींवर आपटलं. म्हटलं, "साहेब, यंत्र चांगलं आहे, माणूस त्याहून चांगला आहे, तक्त्यात मी तसंच लिहीन. पण हे कुठे भरू ते सांगा. हा अंगठा कोणत्या रकान्यात टाइप करू?"

साहेबांनी पुस्तक जवळ ओढलं. पानं उलटत गेले. अंगठा, अंगठा, अंगठा. सहीच्या पानावर थांबले. तारीख पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. पुस्तक बंद करून त्यांनी ते दोन्ही हातांनी मला परत दिलं.

"बस्ते आहेत तिथेच राहतील. मुख्यालयाला मी लिहितो, मूळ प्रत आवश्यक म्हणून," ते म्हणाले. मग केबिनभर नजर फिरवली. "थंड खोली आणखी एक आहे या ऑफिसात. यंत्र इथे ठेवा." पुढे बदली होईपर्यंत साहेब बाहेर हॉलमध्ये बसले, त्याच अकाउंट्समधल्या कूलरसमोर, आणि कागद उडू नयेत म्हणून त्यांच्या टेबलावर सात पेपरवेट असायचे.

तक्ता मी त्याच दुपारी रेकॉर्ड रूममध्ये बसून पूर्ण केला. काका शेजारी बस्ता बांधत होते. शेऱ्यात लिहिलं: सीताबर्डीची एजन्सी घ्यावी, दुसरी प्रत रोज बाहेर जावी, मूळ कागद कायम ठेवावेत. खाली सहीसाठी छापील नमुन्यात छोटी चौकट होती. डोळे भरले होते, नीट दिसत नव्हतं. मी सही केली.

काकांनी वाकून पाहिलं. भिंगाची गरज नव्हती.

"तुहीबी बाहेर गेली," ते म्हणाले, आणि बस्त्याची गाठ मारायला लागले.