आबांच्या जोड्या

आबा कचरा पाहिल्याशिवाय केर काढू देत नसत. धुळ्याच्या आमच्या प्रयोगशाळेत झाडलोट करणाऱ्या मावशी यावरून रोज कुरकुरत. पण टेबलाखालचा कपटा न् कपटा उलटून पाहिल्यावरच आबा त्यांना वाट देत.

ऐंशीच्या दशकात आमचं काम कात्रीचंच होतं. मूत्राशयात गाठ निघाली की तिचा कण आमच्याकडे येई. पेशीतल्या गुणसूत्रांचा फोटो काढून मोठा करायचा, एकेक गुणसूत्र कापायचं आणि जोडीजोडीने कागदावर चिकटवायचं. एखादा तुकडा खाली पडून हरवला की हिशेब चुकला, म्हणून आबांची ती झडती. तेवीस जोड्या नीट लागल्या तर गाठ बहुधा गरीब. जास्तीचं काही उरलं तर ती पुढे उफाळण्याची भीती. आबा आमच्यातले सगळ्यात जुने तंत्रज्ञ, मूळचे धरणगावचे, नात्यागोत्यात लग्नं जुळवण्यात पटाईत. इथेही तोच खाक्या, गुणसूत्रांची उंची आणि अंगावरचे आडवे पट्टे पाहून. "उंची जुळस, पट्टा जुळत नही. हाई स्थळ सोड," म्हणत आणि दुसरा तुकडा उचलत. माझ्या लग्नासाठी तर ते हात धुऊन मागे लागले होते.

एका हिवाळ्यात आबांच्याच लघवीतून रक्त गेलं. गाठ काढली, तिचा कण आमच्याच टेबलावर आला. डॉक्टर म्हणाले, जोड्या लागल्या तर दर तीन महिन्यांनी दुर्बिणीने पाहत राहू; नाही लागल्या तर मूत्राशय आताच काढलेलं बरं. मोजणी माझ्याकडे आली.

तेवीस जोड्या लागल्या आणि एक बुटका तुकडा उरला. दुसऱ्या फोटोतही तसाच. फोटो धुताना पडलेला डाग असेल, असं मी मनाला बजावलं आणि दोन्ही तुकडे टेबलाखाली सोडून दिले. याची आजही लाज वाटते.

संध्याकाळी मावशींनी झाडू उचलला. आबा नेहमीसारखे वाकले आणि ते दोन तुकडे तळहातावर घेऊन माझ्यापुढे उभे राहिले.

"मना शेत ना?" माझेच आहेत ना, असं विचारत होते ते.

मी उगीच कात्री पुसू लागले. त्यांनी टेबलाखाली बोट दाखवलं.

"पोरी, आठे लपाडशी, पन मना पोटमा कसं लपाडशी? चिकटाड. आनि लिखी टाक."

मी रडत रडत चिकटवलं. खाली सही केली. आबा डिंकाची बाटली धरून शेजारी बसले होते.

मूत्राशय काढलं तेव्हा गाठ स्नायूत शिरायला लागलेली दिसली. पोटावर लघवीची पिशवी लावून आबा कामावर परतले, ते आधी कात्रीची धार पाहायला.

आता कात्रीचं ते काम गेलं, आणि आबांनाही जाऊन पुष्कळ वर्षं झाली. पण माझं शिरपूरचं स्थळ त्यांनीच आणलं होतं. अंतरपाट दूर झाला तेव्हा समोर नवऱ्यामागे आबा दिसले, एका हाताने धोतराआडची पिशवी सावरत, दुसऱ्याने अक्षता टाकत. मावशींनी त्या संध्याकाळी जरा आधी केर काढला असता, तर तिथे कुणीच उभं नसतं.